गावठाणातली कुटुंबं मोजताना

घणसोली, नवी मुंबई

प्रिय संदीप,
सप्रेम नमस्कार.

गावठाणातल्या कुटुंबांची नोंद करायला घेतलीस, फार बरं वाटलं. पण घरनंबर धरून मोजू नकोस. जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. तोच नियम धर. रेशनकार्डांवरून आकडा फुगतो, कारण एकत्र जेवणारे भाऊही कार्डं वेगळी काढतात. वीजमीटरचं त्याहून वाईट, त्यात भाडेकरूंच्या खोल्या येतात.

भातशेती नि मिठागरं होती तोवर लावणी-कापणीला घरचेच हात लागत, म्हणून भाऊ एकत्र राहत. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ आलं, जमिनी गेल्या, एकत्र राहण्याचं ते कारणही गेलं. तरी ‘मग सगळे वेगळे निघाले’ असं सरसकट लिहू नकोस. 1984च्या उरणच्या जमीन-लढ्यात पाच जण हुतात्मे झाले, पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देणारी योजना आली, आणि भूखंडानं भावांना पुन्हा एका कागदावर आणलं. हिशेब बघ. एक एकर, म्हणजे 40 गुंठे गेले तर 5 गुंठे परत. त्यातले 30 टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा. हाती साडेतीन गुंठे, सुमारे 354 चौरस मीटर. दीड चटईक्षेत्र निर्देशांकानं, म्हणजे जागेच्या दीडपट, बांधकाम 531 चौरस मीटर. चार भावांत एवढ्या जागेचे तुकडे कसे पाडणार? इमारत उभी राहते, प्रत्येकाला मजला. जिना एक, चुली चार. हे धड एकत्र नाही, धड विभक्तही नाही. तक्त्यात तिसरा रकाना कर आणि आईवडील कुणाकडे जेवतात, पाळी ठरलीय का, औषधाचा खर्च कोण करतो, हे त्यातच लिही. खरं कुटुंब तिथे कळतं.

वंशावळीत बहिणी हमखास गळतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी झाली. त्या वर्षी 9 सप्टेंबरला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. नाव सुटलं की हरकत येते, भूखंडाची फाइल अडते. हक्कसोड झाली असेल तर ती नोंदणीकृत आहे का बघ, साध्या कागदावरची सही चालत नाही. आणि हक्क सोडलेल्या बहिणीचंही नाव वंशावळीत हवंच.

गणपती किती बसतात, तेही विचार. चुली वेगळ्या झाल्यावरही पुष्कळ घरांत गणपती एकच असतो, खर्च भाऊ वाटून घेतात. त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात. वंशावळ तेव्हाच लिहून घे, त्यांच्यासमोर.

तुझा,
प्रकाश