नेपाळमधल्या गुल्मीच्या आमांना, डोंबिवलीमार्गे

आमा, बा,

दोघांनाही नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय, कारण बांना ते वाचता येतं. डोंबिवलीत रात्रपाळीची वॉचमनकी करताना पहाटे गेटवर पडणारे पेपर वाटायच्या आधी चाळून चाळून ते मराठी वाचायला शिकले. बा, आमांना वाचून दाखवताना पदरचं काही घालू नका. आणि हे चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम; तुमच्याकडे आमा म्हणजे आई आणि बा म्हणजे वडील, हे बाकीच्यांसाठी.

मी आले होते तुमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायला आणि राहिले तुमच्या घरी. गोरखपूर, सोनौली, बुटवल, तानसेन आणि मग रिडीला काली गंडकी ओलांडून जीप गुल्मीच्या डोंगरात शिरली. आमच्या आजीच्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतून येतो, हे मला रिडीला पोचल्यावर कळलं. लगेच तिला फोन केला, तर म्हणाली, "मग आंघोळ केलीस का?"

सुरुवातीला तुम्ही मला पाहुणीसारखं जपलंत. शाळा दहाची, म्हणून नवाच्या आत गरम दाल-भात, वर तूप. ताट धुवायला उठले की हाताला धरून खाली बसवायचं. धाऱ्यावर, म्हणजे गावच्या पाणवठ्यावर, पाणी भरायला गेले तर शेजारच्या दिदी हातातली घागर काढून घ्यायच्या. खरं सांगते, त्या आदरातिथ्याचा मला कंटाळा यायला लागला होता. आपण मदत करायला आलोय आणि आपल्यामुळे एका बाईचं काम वाढलंय, हे रोज बघणं काही सुखाचं नाही.

मग दसैं, म्हणजे तुमचा दसरा, तोंडावर आला. शाळा बंद झाली, बाकीचे स्वयंसेवक पोखऱ्याला निघाले. मी इथेच राहते म्हटल्यावर तुम्ही कारण विचारलं नाहीत, मातीची बादली हातात दिलीत. खाली तांबडी माती, वर कमेरो, म्हणजे पांढरी माती. माझी रेघ वाकडी गेली तर पुन्हा सारवायला लावलीत. दुसऱ्या दिवशी डोको, म्हणजे बांबूची पाटी, पाठीला, तिचा पट्टा नाम्लो कपाळाला आणि गवताला चल! मान आठवडाभर धरली होती. आमा, त्या बादलीबद्दल आभार. बाकी सगळं त्यानंतरचं आहे.

घटस्थापनेला मात्र मला काही शिकवावं लागलं नाही. आमच्याकडेही घटाभोवती धान्य पेरतात आणि गावाकडची माणसं दसऱ्याला ते तुरे टोपीत खोवतात. तुम्ही जव पेरून अंधाऱ्या खोलीत ठेवता, म्हणून तुमचा जमरा हळदीसारखा पिवळा निघतो आणि तो जातो कानामागे. पुढे मात्र वाटा फुटतात. आमच्या घरी नऊ दिवस साबुदाणा, तुमच्याकडे अष्टमी-नवमीला खसी, म्हणजे बोकड. तो कापायच्या वेळी तुम्ही मला आत लसूण सोलायला बसवलंत, आणि कुणाला काही बोलू दिलं नाहीत. (मटण मी खाल्लं. पोटभर.)

आणि मग टिळ्याचा दिवस. रेडिओवर साइत, म्हणजे मुहूर्त, सांगितली, बा बंद बांधलेला दौरा-सुरुवाल घालून गुंद्रीवर, पेंढ्याच्या चटईवर बसले. मी फोटो काढायला कोपऱ्यात उभी. आधी थोरले काका, मग काकी, मग मुलं. कतारला असलेल्या दाइला, म्हणजे दादाला, फोनवरच आशीर्वाद देऊन झाला. तेवढ्यात तुम्ही ताटावरची नजरही न उचलता हाक मारलीत, "कान्छी, ये." धाकट्या लेकीला मारावी तशी. दही, तांदूळ आणि अबीर कालवलेला तो गार लगदा तुम्ही मूठभर कपाळावर थापलात. दोन शितं पापणीवर ओघळली. पुढे दिवसभर तो टिळा वाळत गेला आणि कपाळाची कातडी ओढत राहिला. त्यानंतर बांनी कोरी नोट हातात ठेवली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. तुमच्यात आईबाप लेकीच्या पाया पडतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी दचकून मागे सरले, तर मागून काकी ओरडल्या, "उभी राहा नीट!"

त्या संध्याकाळी ओसरीवर बांनी डोंबिवलीच्या गोष्टी काढल्या. इतकी वर्षं ते एकाच इमारतीच्या दाराशी होते. तिथली पोरं त्यांच्यादेखत मोठी झाली, लग्नं होऊन गेली. आणि लहानथोर सगळे त्यांना बहादूर म्हणायचे. खरं नाव कुणी विचारलं नाही. बा हे हसत सांगत होते, आणि मला वर बघवेना. आमच्या सोसायटीतही एक बहादूर होते. परत आल्यावर त्यांची चौकशी केली. ते गावी गेले म्हणे, पण नाव कुणालाच सांगता आलं नाही.

एक गोष्ट तेव्हा पटली नव्हती, आजही पटत नाही. माझे चार दिवस आले तेव्हा मला स्वयंपाकघर बंद झालं आणि चहा बाहेर वळचणीखाली मिळाला. मी भांडले. तुम्ही ऐकून घेतलंत, नियम काही बदलला नाहीत. पण स्वतःचा पेला घेऊन बाहेर माझ्यापाशी येऊन बसलात. लेकीनं भांडावं आणि आईनं ऐकावं तितपतच ते होतं. तेही आभारातच धरते.

तिहारचं, म्हणजे तुमच्या दिवाळीचं, सगळं लिहीत बसले तर बांचा घसा बसेल. पण कुकुर तिहारला, म्हणजे कुत्र्यांच्या पूजेच्या दिवशी, गळ्यात सयपत्रीची, झेंडूची माळ घालून आपल्या काळूनं जी ऐट मिरवली, ती मी इथे सगळ्यांना सांगितली आहे. आणि भाइटीकेला, म्हणजे भाऊबीजेला, उंबऱ्यावर अक्रोड फोडताना दगड निसटून माझ्या अंगठ्यावर आला, तो नखाचा डाग आता गेला.

आता कामाचं. आईनं घरी सेलरोटी करून पाहिली. तांदूळ भिजवून वाटला, तूप-साखर घातली, पण तेलात सोडली की कडं काही जमत नाही, तुकडे होतात. पीठ किती सैल ठेवायचं आणि मुरवायचं किती वेळ, ते शनिवारी फोनवर सांगा. तुम्हीच सांगा हं. बांना विचारलं होतं, ते म्हणाले, "गरम खायची."

तुमची,
कान्छी