भुलेचं टेन्शन घेऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझ्या लेकाचा दात भूल देऊन काढायचाय, त्यावर काल फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहूनच पाठवतो.

आमच्या ठमीच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये, हिरडीत, एक जादा दात अडकला होता. त्यापायी कायमचे दात खाली येईनात. तो काढायला फारसा वेळ लागला नाही. तुला धास्ती भुलेची आहे, हे कळतं मला. पण लेका, भूल डॉक्टर सांभाळतात. आईबापांची कसोटी आदल्या रात्री आणि नंतरच्या दुपारी.

हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. दूधही खाण्यातच धरतात, हे काकूंना आधीच पटवून ठेव. ‘लेकरू उपाशी आहे’ म्हणून गुपचूप अर्धा कप पाजणारी आजी घरोघरी असते! गुंगीत पोटातलं उलटून वर आलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून एवढा कडकपणा. सर्दी-खोकला झाला तर लपवू नका. झोपेत घोरत असेल तर तेही सांगा.

ठमीला मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध तोंडानं पाजलं. थोड्या वेळानं बाई आपल्याशीच हसायला लागल्या. काही मुलं याच औषधानं उलट चिडतात, हातपाय झाडतात. तुझ्याकडच्या वाघाचा नेम नाही, तयारी ठेव. मग नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड हा गुंगीचा वायू आणि ऑक्सिजन, बोटाला ऑक्सिमीटर, आणि ती सैलावल्यावर हिरडीत बधिर करणारं इंजेक्शन. डॉक्टरांना एक मात्र स्पष्ट विचार: तुम्ही दात काढत असताना मुलाच्या श्वासावर नजर कोण ठेवणार? वेगळा माणूस नसेल तर मी तरी दुसरा दवाखाना बघेन.

परतताना इथे नाशकात द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये ठमीची मान सारखी छातीवर पडत होती. तशी पडली की श्वासाची वाट दबते. म्हणून एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं शेजारी बसून हनुवटी वर धरायची. बाइकचा विचारही करू नकोस.

ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात. आमचा निम्मा वेळ तिचा हात आणि दात ओठापासून दूर ठेवण्यात गेला. कापसाचा बोळा सांगतील तेवढा वेळ दाबून धरायचा. चूळ, थुंकणं, स्ट्रॉ त्या दिवशी नाहीच, रक्ताची गुठळी सुटते. लाळ गुलाबी दिसली तर चालेल, पण ताजं रक्त वाहत राहिलं, उलट्या थांबेनात किंवा हलवूनही जाग येईना, तर लगेच डॉक्टर गाठायचा. दुखण्यावर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन मुलांना नको. खायला गार दही, मऊ भात. कोंडाजीचा चिवडा आम्हाला माळ्यावर लपवावा लागला.

येवल्याला त्याच दिवशी परतू नका, रात्री आमच्याकडेच राहा. आणि निघण्यापूर्वी त्याचं वजन करून आण, औषधाचं सगळं माप त्यावरच असतं.

तुझा,
बंड्या