पुण्याची फेरपाहणी झाली, बडोद्याची कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेवरचा लेख वाचला. रावबहादूर आर. आर. काळे यांची देणगी, भारत सेवक समाजाने १९३० साली केलेली स्थापना, पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, सगळं आलं. पण संस्था नेमकं करायची काय, याला जेमतेम चार ओळी! माझी सगळी नोकरी बडोद्यात घरोघर फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरण्यात गेली, म्हणून ही चुटपुट.

गाडगीळांच्या माणसांनी पुण्यातला फळांचा व्यापार तपासला, वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब मांडला आणि १९३०च्या दशकात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. पुढे १९५०च्या दशकात संस्थेतल्याच सोवनी आणि सहकाऱ्यांनी त्याच शहराची फेरपाहणी केली. मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं. एकदा मोजून अहवाल छापणारे पुष्कळ असतात.

१९७१ साली याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक धरून देशातल्या दारिद्र्याचा अंदाज बांधला, तोही घरोघरच्या खर्चाच्या आकड्यांवरच. हे आकडे कसे मिळतात म्हणता? मांडवीजवळच्या एका घरी सासूबाई झोपाळ्यावर बसलेल्या. महिन्याला तेल किती लागतं, विचारलं. सून म्हणाली, ‘दोन किलो.’ सासूबाई भाजीवालीशी हुज्जत घालायला मागच्या दारी गेल्या तशी हळूच म्हणते, ‘काका, पाच लिहा. दोन पुरतंय कुठे?’ हे तीन किलो ऑफिसात बसून सापडत नाहीत. (आमच्या साहेबांना ते कधीच पटलं नाही, असो.)

आधी आजमावून, मोजून मग पाऊल टाकणं बडोद्याला काही परकं नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी अमरेली भागात करून पाहिलं, मग १९०६ साली राज्यभर लावलं. गोखल्यांनी १९११ साली कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. विक्रम साराभाईंनी ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही पाहण्या करणारी संस्था काढली तीही याच गावात. आणि आज? विश्वामित्री नदीला पूर आला की नुकसानीचे पंचनामे होतात. वर्षभराने त्याच घरांची घडी बसली का, हे विचारायला कोणी फिरकत नाही.

सयाजीराव विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने निदान वाडी, मांडवी आणि नदीकाठच्या वस्त्यांची पाहणी हाती घ्यावी, आणि दहा वर्षांनी तीच घरं पुन्हा गाठायचं आत्ताच ठरवून ठेवावं. जुन्या पाहण्यांचे भरलेले फॉर्म कुठल्या माळ्यावर पडले असतील, तर रद्दीत जाण्याआधी तेही उतरवून घ्यावेत. तुलनेला मागचा आकडा लागतोच.

आपला,
एक निवृत्त सर्वेक्षक
दांडिया बाजार, बडोदे