'गुगल करू नका' म्हणून कोणी थांबत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ब्रेस्ट कॅन्सरवर लेख आला होता, चांगला होता, पण शेवटी एक वाक्य टाकलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पेशंटने आणि घरच्यांनी इंटरनेटवर वाचत बसू नये, डॉक्टरांवर विश्वास ठेवावा, असं काहीतरी. अहो विश्वास आहेच, पण डॉक्टर भेटतात दहा मिनिटं, रिपोर्ट येतो रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ म्हणून आणि अपॉइंटमेंट असते परवाची. मधल्या वेळात माणूस काय करणार, भिंतीकडे बघत बसणार का? तो शोधणारच. मग शोधू नका सांगण्यापेक्षा कसं शोधायचं ते सांगा की.

माझ्या ताईचंच सांगते. बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यात एका ओळीत 'ग्रेड ३' लिहिलेलं. भावोजींनी तिथल्या तिथे 'थर्ड स्टेज ब्रेस्ट कॅन्सर किती वर्षं जगतात' असं टाइप केलं, जे काय आलं ते वाचलं, मोबाइल पालथा ठेवला आणि गॅलरीत जाऊन मला फोन केला. बोलवत नव्हतं त्यांना. मग मी पण तेच केलं, पहाटे तीनपर्यंत स्टेज ३ चं वाचत बसले, आणि परवा डॉक्टर म्हणाले ग्रेड वेगळी आणि स्टेज वेगळी. ग्रेड म्हणजे पेशी मायक्रोस्कोपखाली किती बिघडलेल्या दिसतात, किती भराभर वाढतायत. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ मार्क देतात आणि बेरीज ८ किंवा ९ आली की ग्रेड ३. स्टेज म्हणजे गाठ केवढी आहे, काखेत गेलीय का, आणखी कुठे पसरलीय का, तो आकडा ० पासून ४ पर्यंत जातो. ताईची स्टेज २ होती.

आता गंमत बघा (तेव्हा गंमत नव्हती), आम्ही ज्या साइटवर वाचलं ती काही फालतू साइट नव्हती, मोठ्या कॅन्सर संस्थेची होती, माहितीही बरोबर होती, फक्त ती आमच्या पेशंटची नव्हती. म्हणून मला वाटतं की विश्वासार्ह साइट कुठली हा प्रश्न नंतरचा, आधी आपल्या रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते नीट कळायला हवं, नाहीतर सगळ्यात चांगली साइटसुद्धा तुम्हाला चुकीच्या खड्ड्यात नेऊन टाकते.

आणि ते पॉझिटिव्ह निगेटिव्ह प्रकरण! एकाच रिपोर्टमध्ये तो शब्द चार ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. काखेतली गाठ पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, तिथे कॅन्सर पोचलाय. ऑपरेशननंतर मार्जिन निगेटिव्ह म्हणजे चांगलं, काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडला नाही. ईआर (इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रथिन) पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढतोय, म्हणजे हार्मोन अडवणाऱ्या गोळीचा उपयोग होणार. आणि 'ट्रिपल निगेटिव्ह' ऐकून आमच्या ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, अगं तीनही निगेटिव्ह म्हणजे काहीच नाही ना, देवाची कृपा. मला त्यांना काय सांगावं कळेना. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन हार्मोनसाठी तसंच प्रथिन) आणि हर-टू (पेशी भराभर वाढवणारं प्रथिन) तिन्ही नाहीत, म्हणजे हार्मोन अडवणाऱ्या गोळ्याही चालत नाहीत आणि हर-टूवरचं औषधही नाही, डॉक्टरांच्या हातातली दोन मोठी हत्यारं गेली. ताईच्या रिपोर्टमध्ये हर-टू '२+' होतं, ते तर ना हो ना नाही, त्यासाठी फिश नावाची वेगळी टेस्ट करावी लागते आणि तिचा निकाल येईपर्यंत हर-टूचं काहीही वाचण्यात अर्थ नसतो. आम्ही अर्थातच वाचलं.

दुसरी गोष्ट तारीख. हर-टू पॉझिटिव्हवरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ ला मंजूर झालं ते पसरलेल्या कॅन्सरसाठी, आणि सुरुवातीच्या स्टेजमध्ये ऑपरेशननंतर द्यायला २००६ ला. म्हणजे त्याच्या आधीचं कुठलं पान तुमच्या हाती लागलं तर ते हर-टू पॉझिटिव्हबद्दल जे घाबरवतं ते त्या काळातलं असतं. 'पाच वर्षं जगण्याचं प्रमाण' हे आकडे तर बनतातच मुळी पाच किंवा जास्त वर्षांपूर्वी निदान झालेल्या बायकांवरून, नंतर आलेल्या औषधांचा फायदा त्यात पुरता दिसत नाही. पानावर तारीख नसेल तर मी आता सरळ बंद करते.

टॅमॉक्सिफेनच्या (ही ईआर पॉझिटिव्हसाठीची हार्मोन अडवणारी गोळी) वेळी तर ताईने स्ट्रिप उघडायलाच नकार दिला. कुठेतरी वाचलं होतं की या गोळीने गर्भाशयाचा कॅन्सर अडीच पट वाढतो. अडीच पट! कोणीही घाबरेल. मी मग दोन दिवस बसून तो आकडा आला कुठून ते शोधलं. १९९८ ला प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली मोठी ट्रायल, १३ हजारांवर बायका, त्यात औषध नसलेली नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांमध्ये वर्षाला हजारात साधारण १ (नेमकं ०.९) जणीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला आणि टॅमॉक्सिफेनवाल्यांमध्ये साधारण २ (नेमकं २.३) जणींना, आणि ही वाढ मुख्यतः पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये. ताई ४४ ची. अडीच पट हेही खरं आणि हजारात एकाच्या जागी दोन हेही खरं, पण एक वाचून झोप उडते आणि दुसरं वाचून निदान विचार तरी करता येतो. आणि दुसऱ्या बाजूला ईआर पॉझिटिव्ह असेल तर पाच वर्षं ही गोळी घेऊन ब्रेस्ट कॅन्सरने मरण्याचा धोका पहिल्या पंधरा वर्षांत साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, हे त्या घाबरवणाऱ्या पानावर कुठेच नव्हतं. हे सगळं कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेलं, ते रागावले नाहीत, उलट म्हणाले हा कागद फाइलला लावा. ताईने गोळी सुरू केली. अंगावर गरम वाफा येतात, त्याबद्दल ती रोज बोलते, पण घेतेय.

व्हॉट्सअॅपवरचं तर काय बोलायचं. अमुक पाल्याच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी ४८ तासांत मेल्या, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, असा मेसेज एका काकांनी पाठवला, त्याला खरंच एका रिसर्च पेपरची लिंक होती. उघडून बघितलं तर प्रयोग 'एमसीएफ-७' वर केलेला. हे काय म्हणून शोधलं, तर ही बशीत वाढवलेल्या पेशींची जात आहे, एका पेशंटच्या पेशींपासून बनवलेली, १९७३ पासून जगभरच्या लॅबमध्ये वापरतात. म्हणजे काचेच्या बशीतल्या पेशी मेल्या. बशीत ब्लीच ओतलं तरी मरतील. काकांना हे समजावायला गेले तर ते म्हणाले तू फार शिकलीस.

पण यात हसण्यासारखं फार नाही. २०१८ ला एका अमेरिकन अभ्यासात न पसरलेल्या कॅन्सरचे पेशंट बघितले, ज्यांनी डॉक्टरी ट्रीटमेंट टाळून फक्त पर्यायी उपचार घेतले ते आणि नेहमीची ट्रीटमेंट घेतली ते. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या शंभरातल्या ५८ जणी जिवंत होत्या आणि दुसऱ्यातल्या ८६-८७. त्याच मंडळींनी नंतर सोशल मीडियावरचे कॅन्सरचे २०० लोकप्रिय लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले तर साधारण तिसरा हिस्सा चुकीचा निघाला, आणि लाइक शेअर जास्त कोणाला, तर त्या चुकीच्यांनाच.

मग बघायचं कुठे, असं लोक मला विचारतात कारण आता नात्यात मीच 'एक्स्पर्ट' झालेय. मी अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची साइट बघते, तिथे एकच विषय पेशंटसाठी सोप्या भाषेत आणि डॉक्टरांसाठी सविस्तर असा दोनदा दिलेला असतो आणि पानावर तारीख असते. कॉक्रेन (वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणारी संस्था) हिचे सोपे सारांश पण बघते, कारण तिथे एका ट्रायलवर न जाता सगळ्या एकत्र मोजतात. बाकी कुठलंही पान असो, लिहिलंय कोणी, आधार काय दिलाय, पैसा कोणाचा आणि तारीख कधीची, हे चार प्रश्न १९९७ सालीच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये मांडून ठेवलेत, अजून तेच पुरतात. पान वाचता वाचता खाली 'ऑर्डर करा' आलं की समजून जायचं. आणि एक, जुन्या साइटवर 'हॉनकोड' नावाचा, आरोग्याची माहिती भरवशाची आहे असं सांगणारा शिक्का दिसतो त्यावर जाऊ नका, तो देणारी संस्थाच २०२२ च्या शेवटी बंद झाली, शिक्क्याचं चित्र तेवढं राहिलंय. एआय चॅटबॉटला मी रिपोर्टमधले शब्द विचारते, तेवढ्याला बरा आहे, पण एकदा त्याने दिलेला पेपर शोधायला गेले तर असा पेपर अस्तित्वातच नव्हता.

हे सगळं इंग्रजीत आहे हे मला माहितेय, आणि ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांच्यापर्यंत तुमचा पेपर पोचतो, म्हणूनच तुम्हाला लिहितेय. कॅन्सरची बातमी छापताना सुरुवातीलाच तीन गोष्टी लिहाल का, प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर की बशीत, कुठल्या प्रकारच्या आणि स्टेजच्या कॅन्सरवर, आणि 'इतके पट' म्हणालात तर हजारात किती जणी. मागच्याच महिन्यात तुमच्या पहिल्या पानावर 'कॅन्सरवर रामबाण सापडला' होतं आणि उंदीर शेवटून दुसऱ्या ओळीत होते. ताईच्या केमोच्या रांगेत तीन बायकांच्या हातात ते कात्रण होतं.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये, ताईच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत नाहीये.)

ता.क. हर-टू छापताना 'हर-टू'च छापा, एका पोर्टलने मशीनकडून भाषांतर करून घेतलं होतं त्यात सगळीकडे 'तिचे २ पॉझिटिव्ह' असं आलंय, आणि आमच्या भावोजींनी 'तिचे दोन काय?' म्हणून मला रात्री बाराला फोन केला होता.