भाड्याच्या जाहिरातीत घराबरोबर परिसराचीही माहिती हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील घरभाड्याच्या जाहिरातींत जागेचे क्षेत्रफळ, खोल्या, मजला, फर्निचर, अनामत रक्कम आणि भाडे यांची माहिती असते. पण ते घर ज्या वस्तीत आहे तिच्याविषयी ‘मोक्याचे ठिकाण’, ‘शांत परिसर’ आणि ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ अशा ठरीव शब्दांपलीकडे सहसा काही नसते. ज्याचे बालपण त्याच शहरात गेले आहे, त्याला या शब्दांतले खरे किती आणि भर किती हे आपोआप कळते. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी मोठ्या शहरात पहिल्यांदाच येणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो, आणि या जाहिराती सर्वांत बारकाईने वाचतो तो नेमका हाच वाचक. भाड्याच्या जाहिराती स्वीकारताना परिसराविषयीची काही मोजता येण्याजोगी माहिती आपण सक्तीची करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

घरातले दोष घर पाहताना बऱ्याच अंशी दिसतात. नळ सोडून पाहता येतो, भिंतीवरची ओल हाताला लागते, खिडकीतून उजेड किती येतो ते कळते. वस्तीचे दोष मात्र वेळेवर अवलंबून असतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी घर दाखवले जाते, तेव्हा रस्ता मोकळा असतो, शेजारचे गोदाम बंद असते आणि बस लगेच मिळते. त्याच रस्त्याची सोमवारची सकाळ आणि रात्री अकरानंतरची स्थिती करार झाल्यावरच कळते. तोवर अनामत रक्कम भरलेली असते, सामान लागलेले असते, आणि मुदतीआधी घर सोडायचे तर कराराप्रमाणे भुर्दंड बसतो. म्हणून परिसराची निवड चुकणे हे खोलीची निवड चुकण्यापेक्षा महाग पडते.

‘पाच मिनिटां’चेच उदाहरण घेऊ. माझ्या भाचीला परगावी नोकरी लागली तेव्हा तिच्याबरोबर घरे पाहत मी बरीच फिरले. एका घराच्या खिडकीतून रेल्वेचा फलाट स्पष्ट दिसत होता, गाडीत चढणारी माणसेही ओळखू येतील इतका जवळ, आणि जाहिरातीत पाच मिनिटे असे लिहिलेले होते. पण घर आणि फलाट यांच्यामध्ये रुळांची अख्खी रुंदी होती. पादचारी पूल स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे आधी कुंपणाच्या भिंतीकडेने उलट दिशेने चालत जायचे, पूल चढायचा, उतरायचा आणि मग तिकीट खिडकीपर्यंत यायचे, असा तो रस्ता होता. नकाशावर सरळ रेषा ओढली तर जाहिरात खोटी नव्हती, परंतु माणसे सरळ रेषेत चालत नाहीत. रेल्वेमार्ग, नाला, द्रुतगती रस्ता किंवा मोठ्या संस्थेची बंद भिंत मध्ये आली की नकाशावरचे अंतर आणि पायांखालचे अंतर यांचा संबंध तुटतो.

यावर उपाय नाही असे नाही. जपानमध्ये स्थावर मालमत्तेच्या जाहिरातींसाठी या व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेली आणि शासनमान्य असलेली नियमावली आहे. चालण्याचा वेळ 80 मीटरला एक मिनिट या हिशेबाने द्यायचा, 80 मीटरच्या वर थोडेही अंतर भरले तरी पूर्ण मिनिट धरायचे आणि मोजायचे ते प्रत्यक्ष चालण्याच्या वाटेने, असे त्यात ठरवून दिले आहे. तिथे ‘पाच मिनिटे’ याचा अर्थ फार तर 400 मीटर, दुसरा काही नाही. सप्टेंबर 2022 पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर इमारतीच्या प्रवेशद्वारापासून अंतर मोजावे लागते, आणि मोठ्या संकुलात सर्वांत जवळच्या इमारतीबरोबर सर्वांत दूरच्या इमारतीचेही अंतर सांगावे लागते. सिग्नलला थांबण्याचा वेळ आणि चढउतार या हिशेबात येत नाहीत, हे या पद्धतीचे उणेपण आहे. शिवाय ताशी 4.8 किलोमीटर हा वेग वृद्धांना किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला झेपणारा नाही. पण मोजमाप सर्वांना सारखे असल्यामुळे वाचकाला दोन घरांची तुलना तरी करता येते. आपल्याकडच्या जाहिरातीतली पाच मिनिटे पायी आहेत की वाहनाने, पहाटेची आहेत की गर्दीच्या वेळची, हेसुद्धा कोणी सांगत नाही.

प्रवासावर मी इतका भर देते, कारण भाडे परवडते की नाही याचा हिशेब आपण बहुधा अर्धाच करतो. उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडे असावे, हा ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. तो आला अमेरिकेतील सार्वजनिक गृहनिर्माणाच्या नियमांतून: तिथे 1969 मध्ये भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या 25 टक्के ठरली आणि 1981 मध्ये ती 30 टक्क्यांवर नेली गेली. या आकड्यात घर कुठे आहे याचा विचारच नाही. पुढे तिथल्याच एका अभ्याससंस्थेने घरखर्च आणि प्रवासखर्च यांची बेरीज करून ती उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत राहते का, हे पाहण्याची पद्धत सुचवली. मला ती अधिक प्रामाणिक वाटते, कारण शहराच्या कडेला स्वस्त वाटणारे घर या बेरजेत कित्येकदा मध्यवर्ती भागातल्या घराइतकेच महाग ठरते.

या बेरजेतही वेळ धरलेला नाही. जाताना 45 मिनिटे आणि येताना 45 मिनिटे जास्त लागत असतील, तर महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत 33 तास होतात, म्हणजे आठ तासांच्या चार पाळ्यांहून अधिक. वर्षाला ते 396 तास भरतात. दोन स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीचा अभ्यास करून 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की ज्यांचा प्रवास लांबचा, ते स्वतःच्या जीवनाविषयी कमी समाधानी असतात, आणि चांगले घर किंवा चांगला पगार यांनी ही तूट भरून निघत नाही. एरवी अर्थशास्त्राची अपेक्षा असते की माणसे तोलून मापूनच लांब राहायला जातात. ती तशी जात नाहीत याचे एक कारण मला स्पष्ट दिसते: भाड्याचा आकडा जाहिरातीत ठळक छापलेला असतो आणि प्रवासाचा आकडा कुठेच नसतो.

माहिती मिळेपर्यंत नवख्या माणसाने काय करावे, असा प्रश्न मला ओळखीचे लोक विचारतात. माझे स्पष्ट मत आहे की लांबून छायाचित्रे पाहून वर्षाचा करार करू नये. पहिले काही आठवडे वसतिगृहात, पाहुणा म्हणून किंवा अल्पमुदतीच्या जागेत काढावेत, आणि मनात असलेल्या वस्तीतून कामाच्या ठिकाणी कामाच्याच वेळी एकदा तरी जाऊन यावे. पहिली आणि शेवटची बस किंवा गाडी किती वाजता असते ते थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांना विचारावे. पाळीची नोकरी असेल तर हा एकच तपशील बाकी सगळ्यांवर मात करतो. पण एवढा वेळ आणि हे जादा पैसे सगळ्यांजवळ नसतात; ज्यांच्याजवळ ते सर्वांत कमी, त्यांनाच आंधळेपणाने सही करावी लागते. म्हणून ही जबाबदारी सर्वस्वी भाडेकरूवर टाकून चालणार नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि इथे मी तुंबणाऱ्या पाण्याविषयी बोलते आहे. भाचीबरोबर पाहिलेल्या एका इमारतीत तळमजल्यावरच्या विजेच्या मीटरच्या पेट्या छातीच्याही वर नव्याने बसवलेल्या होत्या, आणि जिन्याच्या भिंतीला गुडघ्यापर्यंतच ताजा गिलावा होता. दाखवायला आलेल्या मध्यस्थाने हे दुरुस्तीचे काम म्हणून सांगितले. समोरच्या दुकानदाराला विचारल्यावर त्याने मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर आले होते ते हाताने दाखवले. आम्ही विचारले म्हणून कळले. न विचारणाऱ्याला सांगण्याचे बंधन त्या मध्यस्थावर नव्हते.

फ्रान्समध्ये असे बंधन आहे. तिथे पूर, दरड, भूकंप यांसारख्या धोक्यांच्या क्षेत्रातील जागा भाड्याने देताना त्या धोक्यांचे लेखी विवरण भाडेकरूला द्यावे लागते, आणि 1 जानेवारी 2023 पासून तर ही माहिती कुठे पाहता येईल याचा उल्लेख खुद्द जाहिरातीतच करावा लागतो व विवरण पहिल्या भेटीच्या वेळी हाती द्यावे लागते. कॅलिफोर्नियात 2018 पासून आणि न्यूयॉर्क राज्यात 2023 पासून पुराच्या धोक्याची माहिती भाडेकराराचा भाग झाली आहे. या नियमांमुळे घरे ओस पडली नाहीत. पूर येणाऱ्या भागातही लोक राहतात, मात्र ते जाणूनबुजून राहतात: वरचा मजला निवडतात, सामानाचा विमा उतरवतात किंवा भाडे कमी करून मागतात.

आवाजाबद्दल थोडक्यात लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने 2018 मध्ये रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज 45 डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस केली. वाहत्या रस्त्यावर उघडणाऱ्या शयनगृहाच्या खिडकीबाहेर ही मर्यादा पाळली जाणे अवघडच. ‘शांत परिसर’ हे शब्द छापण्यापूर्वी किमान घराची कोणती बाजू रस्त्याला लागून आहे, एवढे तरी विचारता येईल.

या मागणीत एक धोकाही आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. परिसराची माहिती द्या म्हटले की ‘चांगली वस्ती’ आणि ‘वाईट वस्ती’ असे शिक्के मारले जाण्याची भीती असते, आणि हे शिक्के बहुतेक वेळा रस्त्यांविषयी नसून तिथे राहणाऱ्या माणसांविषयी असतात. अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करून वस्त्यांना रंग दिले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल रंगात, म्हणजे ‘धोकादायक’ श्रेणीत गेल्या. कर्ज नाकारण्याच्या अशा वृत्तीने त्या वस्त्यांची जी हानी झाली तिचे परिणाम पुढच्या पिढ्यांनी भोगले. म्हणून मी श्रेणी, गुण किंवा तारे मागत नाही, आणि ‘सुसंस्कृत शेजार’ असे शब्द तर जाहिरातीतून काढूनच टाकावेत असे माझे म्हणणे आहे. मीटर, मिनिटे, गाड्यांच्या वेळा आणि पाणी कुठवर आले होते ही खूण, एवढेच मागते आहे. या गोष्टींना जात, धर्म किंवा पैसा नसतो आणि त्या कोणालाही पडताळून पाहता येतात.

ही माहिती मध्यस्थ देईल, असे काही जण म्हणतील. अनेक मध्यस्थ मनापासून मदत करतात, हे मी पाहिले आहे. तरीही व्यवहार झाला तरच ज्याला मोबदला मिळतो, त्याच्याकडून व्यवहार मोडणारी माहिती आपणहून येण्याची अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. जर्मनीत जून 2015 पासून, ज्याने मध्यस्थाला काम दिले त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असा कायदा झाला. मध्यस्थ कोणासाठी काम करतो, हे त्यातून निदान उघड झाले. आपल्या भाडेकरूला अनेकदा घरमालकाच्याच मध्यस्थाला शुल्क द्यावे लागते आणि सल्लाही त्याच्याकडूनच घ्यावा लागतो.

कायदा होईल तेव्हा होईल. जाहिरात कोणत्या अटींवर छापायची, हे मात्र वृत्तपत्राच्या हातात आजही आहे. जाहिरातीच्या अर्जात चार रकाने वाढवावेत: जवळच्या स्थानकापर्यंत किंवा थांब्यापर्यंत चालण्याच्या वाटेने मीटरमध्ये अंतर, तिथून सुटणाऱ्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ, गेल्या पाच वर्षांत इमारतीत किंवा प्रवेशाच्या रस्त्यावर पाणी साचले होते का, आणि शयनगृहाची खिडकी कोणत्या बाजूला उघडते. जो जाहिरातदार हे रकाने रिकामे ठेवेल, त्याच्या जाहिरातीत ‘माहिती दिलेली नाही’ असे छापावे. चुकीची माहिती दिल्याची वाचकाची तक्रार खरी ठरली, तर त्या जाहिरातदाराची पुढची जाहिरात घेऊ नये. यामुळे काही जाहिराती सुरुवातीला कमी होतील याची मला जाणीव आहे. पण भाडेकरू ज्या पानावर विश्वास ठेवतो, त्या पानाकडे घरमालकांना यावेच लागते. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधीचे दोन महिने हा घरे शोधण्याचा सर्वांत गर्दीचा काळ असतो. तेवढ्या काळापुरता हा प्रयोग एका आवृत्तीत करून पाहावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक