एकवीस दिवसांच्या इंजेक्शनसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय लोकस्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

सविनय नमस्कार. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत ते ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी लिहीत आहे. मागणी एकच आहे. ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन गेलेल्या मुलांना बेन्झाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घराजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात खात्रीने मिळावे.

स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. काही मुलांमध्ये ही प्रतिपिंडे जंतूवरील एम प्रथिन आणि हृदयातील त्याच्याशी मिळतीजुळती प्रथिने यांत फरक करत नाहीत, आणि घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटल्यावर ताप येऊन गुडघे, घोटे आळीपाळीने सुजू लागतात; हाच ऱ्हुमॅटिक फीव्हर. सांध्यांची सूज ॲस्पिरिनने उतरते आणि मागे काही ठेवत नाही. हृदयाच्या झडपेवरचा दाह मात्र व्रण ठेवून जातो; हाच ऱ्हुमॅटिक हृदयरोग. स्टेरॉइड दिल्याने ही हानी टळते, असे आजवरच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. तेव्हा दाह पुन्हा उसळू न देणे, म्हणजे त्या जंतूला पुन्हा घशात थारा न देणे, एवढाच भरवशाचा उपाय उरतो, आणि ते काम हे इंजेक्शन करते. युगांडातील 'गोल' (GOAL) नावाच्या चाचणीत इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, या हृदयरोगाच्या सुप्त खुणा दिसलेली ८१८ मुले होती. दोन वर्षांत नियमित इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार बळावला.

मी निवृत्त फार्मासिस्ट आहे, म्हणून या औषधाची खोड सांगतो. बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घालून ती नीट हलवावी लागते; दुधासारखे झालेले हे दाट औषध जरा वेळ ठेवले की तळाशी बसते आणि बारीक सुईत तुंबते. ते जाड सुईने, सावकाश, खोल स्नायूत द्यावे लागते आणि मूल कळवळते. शिवाय रिॲक्शनची धास्ती असतेच. परिणामी अनेक ठिकाणी "स्टॉक नाही" हे उत्तर सोयीचे ठरते, आणि स्वस्त औषधात नफा नसल्याने दुकानदारही ते ठेवायला फारसा उत्सुक नसतो. धास्ती पूर्णपणे निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते. पण झडप फारच बिघडलेल्या रुग्णांना इंजेक्शननंतर हृदयाचा धोका संभवतो, हे लक्षात घेऊन अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये अशांसाठी पेनिसिलीनच्या गोळ्यांचा विचार करावा, असे सुचवले. हाच विवेक आपल्या खात्याच्या लेखी आदेशात उतरावा: इंजेक्शन कोणाला, गोळ्या कोणाला, आणि तीव्र ॲलर्जीवर तातडीने द्यायचे ॲड्रेनालिन हाताशी ठेवण्याची जबाबदारी कोणाची.

आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि झडप बदलण्याची शस्त्रक्रियाही त्यात बसते, याबद्दल शासनाचे आभार मानायलाच हवेत. परंतु ही योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात घेतलेली सुई तिच्यात बसत नाही. धातूची झडप बसवलेल्या मुलीला रक्त गोठू न देणारे वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागते, रक्ताची तपासणी करत राहावी लागते आणि पुढे गर्भारपणात हेच औषध तिच्यासमोर नवा पेच उभा करते. (हा भाग शस्त्रक्रियेच्या बातमीत सहसा येत नाही.)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे. त्यात सापडलेल्या मुलांची नोंदवही जिल्हावार ठेवावी आणि तारीख चुकलेल्या मुलाच्या घरी आशाताईंना पाठवावे. भिंड, मुरैना, शिवपुरीकडची कुटुंबे मोठ्या इलाजासाठी ग्वाल्हेरला येतातच, पण एका सुईसाठी दर तीन आठवड्यांनी मजुरी बुडवून त्यांनी यावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. त्यांच्या तालुक्याच्या केंद्रांत पुढील खरेदीपासूनच हे औषध, पाणी आणि योग्य सुया एकत्र पोहोचाव्यात, ही विनंती.

आपला नम्र,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक निवृत्त फार्मासिस्ट