बटण दाबलं, पण गोळी सुटली नाही

नेरूळ, रविवार

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या यानाच्या गेमचं लिस्टिंग (प्रोग्रामच्या ओळी) ओळ न् ओळ वाचलं. जॉयस्टिक चांगली आहे, वाशीहून नवी पाठवत नाही. गडबड ही की एकाच बटणाची चौकशी तू दोन ठिकाणी करते आहेस.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये, म्हणजे तू वापरतेस त्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, 'स्ट्रिग(०)' म्हणजे मागच्या वेळी विचारल्यापासून बटण दाबलं गेलं का, आणि 'स्ट्रिग(१)' म्हणजे आत्ता दाबलेलं आहे का. हो असेल तर -१, नाहीतर ०. गोळीला पहिलं हवं, बटण धरून यानाचा वेग वाढवायला दुसरं.

तू 'ऑन स्ट्रिग(०) गोसब ५००' लिहिलंस (बटण दाबलं की ओळ ५०० वरच्या सबरूटीनकडे, म्हणजे काम करून परत येणाऱ्या तुकड्याकडे, उडी), 'स्ट्रिग(०) ऑन' करून ते चालू केलंस, आणि सतत फिरणाऱ्या मुख्य लूपमध्ये परत 'इफ स्ट्रिग(०)' तपासलंस. बटणामुळे गोसबकडे उडी गेली, की ते दाबणं 'स्ट्रिग(०)'मध्ये नोंदलंच जात नाही. म्हणून तुझं 'इफ' कधीच खरं होत नाही. ती ओळ काढ.

आता ५०० वर फक्त एवढंच ठेव: 'एफ=१ : रिटर्न'. 'एफ' ही नुसती खूण, ती बघून गोळी काढायचं काम मुख्य लूप करेल. सबरूटीन चालू असताना ते बटण आपोआप 'स्टॉप'वर जातं. त्या वेळात दाबलं तर तेवढं लक्षात राहतं, पण कितीदा दाबलं ते नाही. सबरूटीन लांबलं की गोळ्या गळतात त्या इथे. 'रिटर्न' झालं की बटण परत 'ऑन'. तू ५४० वरून 'गोटू १००' केलंयस, त्यामुळे रिटर्न होतच नाही आणि पहिल्या गोळीनंतर बटण मेल्यासारखं वाटतं.

आणखी एक, हे सापडायला फार कठीण असतं. उडी कुठल्याही दोन स्टेटमेंटच्या मधे येऊ शकते, आणि इथे सगळे व्हेरिएबल (आकडे ठेवायची नावं) मुख्य लूप आणि सबरूटीनला सामाईक. तुझा तारे काढणारा 'फॉर आय' लूप चालू असताना ५२० वरही 'आय'च वापरलास, म्हणून मधूनच तारे अर्धवट राहतात. तिथे 'के' घे.

स्कोअर छापताना 'स्ट्रिग(०) ऑफ' नको, 'स्टॉप' कर. ऑफमध्ये दाबलेलं वाया जातं.

यान वर-खाली हलत नाही, कारण 'स्टिक(१)'च्या आधी 'स्टिक(०)' वाचलेलं नाहीस. दोन्ही जॉयस्टिकचे आडवे-उभे असे चारही आकडे 'स्टिक(०)' वाचलं तेव्हाच ताजे होतात.

५६० नंतरच्या ओळी आल्या नाहीत, त्या पाठव.

तुझी आई